सध्या काय वाचताय? मुंबईतल्या नव्या वाचकांसाठी यादी, गट आणि देवघेव

दोन वाचक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या काय वाचताय?" नवा माणूस नेमका इथेच बिचकतो. हातातलं पुस्तक सांगण्याजोगं नाही असं वाटून तो मागे कधीतरी संपवलेल्या एखाद्या वजनदार ग्रंथाचं नाव पुढे करतो. समोरचा मान डोलावतो आणि बोलणं तिथेच संपतं. संपलेल्या पुस्तकाबद्दलचं आपलं मत पक्कं झालेलं असतं, त्यात दुसऱ्याने भर ती काय घालायची? पण "एकशेचाळिसाव्या पानावर आहे, आणि त्या थोरल्या सुनेचं वागणं मला पटत नाहीये" असं म्हणून बघा. ज्याने ते पुस्तक वाचलंय तो सरसावून बसतो, ज्याने वाचलं नाही तो "का, काय करते ती?" म्हणून विचारतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की वाचनसोबत हवी असेल तर वाचून झालेल्या पुस्तकांची मोजदाद थोडी बाजूला ठेवा. हातात काय आहे आणि पुढे काय घ्यायचंय, हे दोन मोकळेपणाने सांगायला शिका. ते कसं करायचं, कुठे करायचं आणि त्यातून पुस्तकं प्रत्यक्ष एकमेकांच्या घरी कशी पोचवायची, ते क्रमाने सांगते.

पहिलं काम: यादीचे तीन भाग करा

बहुतेकांकडे 'वाचायचीयत' अशी एकच लांबलचक यादी असते. मोबाइलमध्ये काढून ठेवलेले फोटो, कुणाच्या तरी मेसेजमधली नावं, वर्तमानपत्राचं कात्रण. ही यादी दुसऱ्याला दाखवून काही उपयोग होत नाही, कारण त्यातलं कुठलं नाव खरोखर मनात आहे हे तुम्हालाही सांगता येत नाही.

तिचे तीन भाग करा: हातात, रांगेत, कधीतरी.

'हातात' मध्ये तीनच्या वर पुस्तकं नकोत. माझा अनुभव असा की तिन्हींचा स्वभाव वेगळा असला तर तिन्ही पुढे सरकतात. एक लोकलमध्ये न्यायचं, हलकं, कापडी पिशवीत मावणारं, उभ्याने एका हातात धरता येईल असं. एक घरी वाचायचं जाडजूड. आणि एक कवितांचं किंवा लेखांचं, जे कुठलंही पान उघडून वाचता येतं. सहाशे पानांची कादंबरी विरार लोकलच्या गर्दीत बाहेर काढायला गेलात तर पुस्तकही चुरगळेल आणि शेजारचीही वैतागेल.

'रांगेत' दहा पुस्तकं. अकरावं आत यायचं असेल तर एकाने बाहेर पडायचं. हा नियम कडक वाटला तरी पाळा. दहा नावं डोक्यात राहतात, म्हणून ती दुसऱ्याला सांगता येतात. उरलेली सगळी 'कधीतरी' मध्ये जातात आणि त्यांची काळजी करायचं कारण नाही.

आता महत्त्वाचं. रांगेतल्या प्रत्येक पुस्तकापुढे चार गोष्टी लिहा: कोणी सुचवलं, का घ्यावंसं वाटलं, कुठे मिळेल आणि कधी नोंदवलं. नोंद साधारण अशी दिसेल:

"गिरणगावातलं आत्मकथन. लालबागच्या मावशीने सांगितलं. १९८२ च्या संपात घरातल्या बायकांनी दिवस कसे काढले ते यात आहे म्हणाली. आवृत्ती संपलीय, दुकानात नाही. वाचनालयात एक प्रत आहे, तिच्यासाठी नाव नोंदवलंय. जून."

ही नोंद वाचून तुमच्या गटातला कुणीही तीन प्रश्न विचारू शकतो. मावशी गिरणीत होत्या का? आत्मकथन बाईने लिहिलंय की पुरुषाने? माझ्याकडे आहे, हवंय का? नुसत्या नावाला असा एकही प्रश्न चिकटत नाही. 'का' हा रकाना तर चुकवूच नका. सहा महिन्यांनी यादी उघडल्यावर जे पुस्तक का लिहिलं होतं तेच आठवत नाही, ते काढून टाकायला हरकत नसते.

'कुठे मिळेल' याला मराठीत जरा जास्तच अर्थ आहे. पुष्कळ मराठी पुस्तकांची आवृत्ती हजाराच्या आसपास प्रतींचीच असते. ती संपली की दुसरी निघेपर्यंत वर्षं जातात, काही वेळा निघतच नाही. त्यामुळे एखादं पुस्तक दुकानात दिसलं, वाचनालयात सापडलं किंवा कुणाच्या कपाटात आहे असं कळलं, तर ते तिथल्या तिथे टिपून ठेवायचं. ही माहिती तुमच्याइतकीच गटातल्या इतरांच्या कामाची असते.

वही की मोबाइल?

जे रोज उघडाल ते. मला वही आवडते, पण गटाने मिळून ठेवायची यादी असेल तर सगळ्यांना उघडता येणारी गूगल शीट सोयीची पडते. रकाने वर दिलेलेच ठेवा आणि 'सध्या कोणाकडे आहे' असा एक वाढवा. एवढं पुरे.

गुडरीड्स ही वाचकांसाठीची वेबसाइट २००७ पासून चालू आहे आणि त्यात वाचलेली, सध्या वाचत असलेली आणि वाचायची अशी तीन कपाटं आयती मिळतात. मराठी पुस्तकं शोधताना मात्र थोडी चिकाटी लागते. एकच पुस्तक एके ठिकाणी देवनागरीत, तर दुसऱ्या ठिकाणी रोमन अक्षरांत नोंदवलेलं असतं, आणि रोमनमध्येही कुणी एक 'ए' लावतो तर कुणी दोन. नावाने सापडलं नाही तर मलपृष्ठावरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घालून बघा. २००७ पासून तो तेरा आकडी आहे आणि भारतातल्या पुस्तकांवर बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. तेव्हा नाव देवनागरीत टाकून शोधायचं, लेखकाच्या नावावरून शोधायचं, आणि तरीही नसेल तर शीटवर लिहून मोकळं व्हायचं.

वर्षाला अमुक इतकी पुस्तकं, असं लक्ष्य ठेवायची सोयही अशा ठिकाणी असते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा गाठायचा म्हणून माणूस पातळ पुस्तकं शोधू लागतो, आणि ज्या जाड पुस्तकात महिनाभर राहायला हवं होतं ते रांगेतून कायमचं मागे जातं.

वाचनालयात नाव घाला

गट जमवायच्या आधी हे करा. मुंबईत पुस्तकप्रेमी माणसं हमखास भेटतात ती वाचनालयाच्या देवघेव विभागात.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे. मुख्य इमारत दादर पूर्वेला. दादर पश्चिमेला दादर सार्वजनिक वाचनालय आहे. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ आहे. ठाण्याकडे राहत असाल तर तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुनं, १८९३ चं. शिवाय उपनगरांत लहानमोठी वाचनालयं बरीच आहेत. १९६७ च्या राज्याच्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. तुमच्या स्टेशनजवळचं वाचनालय ड वर्गाचं का असेना, घराजवळ असेल तर आधी तिथे जा. लांबच्या मोठ्या वाचनालयात पुस्तक बदलायला जाणं होत नाही आणि वर्गणी मात्र भरली जाते.

जाताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. अनामत रक्कम एकदा भरायची, वर्गणी महिन्याची, सहामाही किंवा वर्षाची. एका वेळी किती पुस्तकं मिळतात, मासिकं वेगळी मिळतात का, सुट्टी कोणत्या वारी आणि दुपारी बंद असतं का, एवढं विचारून घ्या. सगळीकडे वेळा वेगळ्या असतात आणि दुपारची बंद दारं बघून परत येणं फार खट्टू करतं.

मग काउंटरवरच्या बाईंशी किंवा काकांशी ओळख करून घ्या. "मला काहीतरी चांगलं द्या" असं म्हणू नका, त्यांना दिवसातून कितीतरी जण तेच म्हणतात. "गेल्या वेळी कोकणातली कादंबरी नेली होती, तिच्यातली बोली फार आवडली. तशी बोली असलेलं आणखी काही आहे का?" असं विचारा. वर्षानुवर्षं पुस्तकं देणाऱ्या माणसाला कुठलं पुस्तक कोण परत परत नेतं ते ठाऊक असतं. तुमच्यासारखी आवड असलेला दुसरा सभासद कोण, हेही बऱ्याचदा तिथेच कळतं.

गट जमवताना आधी रेल्वे बघा

पाच ते आठ माणसं पुरेत. दहाच्या वर गेलात की प्रत्येकाला बोलायला वेळ उरत नाही, आणि चारच असली तर एक आजारी, एक गावी, की भेट रद्द.

गट सगळ्यांच्या एकाच आवडीचा नसलेला बरा. ऐतिहासिक कादंबऱ्याच वाचणारे सहा जण एकत्र आले तर सहाही जणांची रांग सारखी होते. एखादे निवृत्त काका, कॉलेजातली एखादी मुलगी, विज्ञानविषयक वाचणारं कुणी, फक्त कविता वाचणारं कुणी, अशी माणसं असली की याद्या एकमेकींना काही देतात.

आता जागा. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे दादरला भेटतात, म्हणून कल्याणकडचे आणि बोरिवलीकडचे तिथे सहज येतात. वाशी-पनवेलकडून येणाऱ्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, हे वेळ ठरवताना लक्षात ठेवा. रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याचा वेळ, बहुधा अकराच्या सुमाराला सुरू होतो. 'रविवारी अकरा वाजता' ठरवलेली भेट म्हणूनच मोडते. शनिवारी संध्याकाळी भेटा, किंवा रविवारी नऊलाच.

पावसाळा सोडून इतर महिन्यांत शिवाजी पार्कचा कट्टा आहेच. संध्याकाळी गर्दी असते पण आवाजाची सवय होते. जून ते सप्टेंबर छप्पर लागतं. वाचनालयाच्या अभ्यासिकेत बोलता येत नाही, पण काही वाचनालयांत छोटी खोली किंवा सभागृह मिळतं, विचारून बघा. कुणाच्या सोसायटीचं ऑफिस रविवारी सकाळी रिकामं असतं. गर्दीच्या उपाहारगृहात मात्र ठरवू नका. चहा संपला की उठावं लागतं आणि बोलणं नेमकं तेव्हाच रंगात आलेलं असतं.

वाचकांनी एकत्र येऊन काही करायची या शहराला जुनी सवय आहे. वाचक सभासदांच्या बळावर पुस्तकं काढणारी ग्रंथाली ही चळवळ सत्तरच्या दशकात इथेच उभी राहिली. तुमचा सहा जणांचा गट तेवढं मोठं काही करणार नसला तरी महिन्यातून एकदा न चुकता भेटला तर पुष्कळ झालं. तारीख दर वेळी नव्याने ठरवू नका. 'दुसरा शनिवार' म्हटलं की दुसरा शनिवार, दोघंच आली तरी.

भेटीत काय बोलायचं

गटाने एकच पुस्तक महिनाभर वाचून त्यावर चर्चा करायची, हा प्रकार नव्यांसाठी मला योग्य वाटत नाही. सगळ्यांना प्रत मिळत नाही, निम्म्यांचं वाचून होत नाही आणि न वाचलेले लाजून येत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या हातातल्या पुस्तकावर पाच-सात मिनिटं बोलावं. तीन गोष्टी सांगायच्या: कुठल्या पानावर आहे, हे पुस्तक का धरलं, आणि कुठे अडलं किंवा थबकलं.

अडणं सांगायला संकोचू नका. गोष्ट तिथूनच सुरू होते. आमच्या एका भेटीत कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "मला यातली खेड्यातली बोली कळतच नाहीये, प्रत्येक पानावर दोनदा मागे जावं लागतं." शेजारचे काका म्हणाले, "दाखव बरं पान." त्यांनी चष्मा लावला आणि तो परिच्छेद मोठ्याने वाचला. ते त्याच भागातले, त्यामुळे सूर बरोबर लागला. डोळ्यांना अडणारं कानाला सरळ कळलं. "असं होय! काका, पुढचं पानपण वाचा ना," म्हणत तिने पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. त्या दिवसापासून बोलीतलं काहीही असलं की एखादं पान मोठ्याने वाचायचं, हा आमच्याकडे रिवाज झाला. तुम्हीही करून बघा. पान निवडून, खूण घालून न्या, म्हणजे तिथे चाळत बसावं लागत नाही.

शेवट सांगायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. कुणाचं आवडतं पुस्तक तुम्हाला आवडलं नसेल तर तसं जरूर सांगा, पण पुस्तकातली जागा दाखवून सांगा. "बोअर आहे" म्हटल्याने समोरचा दुखावतो आणि त्याला कळत काहीच नाही. "मधली साठ पानं फक्त प्रवासाची वर्णनं आहेत, तिथे माझा धीर सुटला" असं म्हटलं की ज्याला प्रवासवर्णनं आवडतात तो उलट पुस्तक मागून घेतो.

ऐकलेलं पुस्तकही यात धरा. लोकलमध्ये कानात हेडफोन घालून आख्खी कादंबरी ऐकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना हिणवण्याचं काही कारण नाही.

सुचवताना एकाला एकच

मनापासून वाचणाऱ्या माणसाला सगळ्यांना सगळं सांगावंसं वाटतं. पण एका दमात सात नावं ऐकलेला माणूस सातही विसरतो. सुचवण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा: गेल्या वर्षभरात मनाला लागलेलं पुस्तक कोणतं आणि अर्धवट सोडलेलं कोणतं? दुसऱ्या उत्तरातून माणसाची आवड जास्त कळते. मग विचार करून एकच नाव द्या, कारणासकट.

घेणाऱ्याकडूनही एक अपेक्षा असते. सुचवलेलं पुस्तक वाचलं तर सुचवणाऱ्याला कळवा. दोन ओळींचा मेसेज पुरतो: "काकू, तुम्ही सांगितलेलं सुरू केलं. पहिलं प्रकरण रात्री एका बैठकीत संपलं. आजीचं पात्र कसलं उभं केलंय!" काकू तुम्हाला पुढचं पुस्तक शोधून ठेवतात की नाही बघा. आणि वाचणं जमलं नाही तर तेही सांगा. चांगला सुचवणारा रागावत नाही, पुढच्या वेळी नेम सुधारतो.

गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायच्या मेसेजचंही तसंच. नुसता मुखपृष्ठाचा फोटो टाकू नका, खाली एक ओळ हवी. सुप्रभात, वाढदिवस आणि राजकारण या ग्रुपवर येऊ द्यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. नंतर सांगायला अवघड जातं.

पुस्तक देणं-घेणं

इथे थोडी शिस्त लागते, नाहीतर मैत्रीत खडा पडतो. आतल्या पानावर पेन्सिलीने नाव लिहा. कोणाला, कधी दिलं ते शीटवर लगेच टाका. मुदत एक महिना, आणि वाचून झालं नसेल तर विचारून वाढवायची. घेतलेलं पुस्तक तिसऱ्याला द्यायचं नाही, कितीही जवळचा असला तरी. पानं दुमडायची नाहीत, खाऊन झाल्यावर हात धुवायचे. पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच सॅकमध्ये टाकायचं. हरवलं तर नवीन प्रत द्यायची. प्रत मिळतच नसेल तर मालकाला विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. जे हरवलेलं सोसणार नाही, म्हणजे आजोबांची सही असलेलं, लेखकाने हाताने लिहून दिलेलं, ते देऊच नका. नाही म्हणायला हरकत नसते.

पीडीएफ फिरवायच्या नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि ती साठ वर्षं निधनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे १९६० साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ ला मुक्त झालं. असं जुनं मराठी साहित्य विकिस्रोत या मुक्त ग्रंथांच्या वेबसाइटवर बघा, पुष्कळ आहे. बाकी कुणी "सगळ्या कादंबऱ्यांची लिंक आहे" म्हणालं तर नको म्हणा. हजार प्रतींच्या आवृत्तीत शंभर प्रती कमी खपल्या तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक छापायला प्रकाशक दहादा विचार करतो.

विकत घेताना रांगेची यादी सोबत ठेवा. दादरला आयडियल आणि मॅजेस्टिक आहेत. जुन्या पुस्तकांसाठी हुतात्मा चौकाच्या आसपासचे आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे फुटपाथवरचे विक्रेते. फुटपाथवर मराठी कमी मिळतं, पण मिळालं तर कधी कधी आवृत्ती संपलेलंच मिळतं. घेण्याआधी शेवटची पानं आहेत ना, ते तपासा. प्रदर्शनात सवलत दिसली की हात सैल सुटतो, त्यामुळे यादीतली तीन आणि यादीबाहेरचं एक, एवढंच घ्यायचं असं मी ठरवून घेतलंय.

दिवाळी अंक सगळ्यांनी मिळून घ्या

गट नवा असेल तर पहिला मोठा उपक्रम हाच करा. १९०९ साली मुंबईतून निघणाऱ्या 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा चालत आलीय. आता अंक इतके निघतात आणि किमती इतक्या चढल्यात की एका घराला सगळे घेणं परवडत नाही. वाचनालयांची दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, पण गाजलेल्या अंकांना तिथे महिनाभर रांग लागते.

सहा जणांनी प्रत्येकी दोन अंक घ्यायचे, म्हणजे बारा झाले. कोण कुठले घेणार ते ऑक्टोबरच्या भेटीत ठरवा, नाहीतर एकच अंक चौघं आणतात. एक कथांचा, एक लेखांचा, एक विनोदी, एखादा मुलांचा, असं वाटून घ्या. पंधरवड्याने अंक पुढच्याकडे सरकवायचे, क्रम शीटवर लिहिलेला असू द्या. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानाला एक कागद टाचणीने लावा आणि त्यावर वाचणाऱ्याने आवडलेल्या एका लेखाचा पान क्रमांक आणि आपलं नाव लिहायचं. तुमच्या हाती अंक येईल तेव्हा कुणाला काय भावलं ते आधीच दिसेल. सहाही घरं फिरायला फेब्रुवारी उजाडतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, त्या आठवड्यातल्या भेटीला बाराही अंक परत आणायचे, कागद काढून वाचायचे आणि ज्याचा लेख सर्वांत जास्त जणांनी नोंदवला त्या लेखकाला गटाच्या वतीने पत्र टाकायचं. पत्ता संपादकांकडे मिळतो, किंवा पत्र अंकाच्या पत्त्यावर पाठवलं तरी ते पुढे देतात.